खुलासा : तंबूत आवाज जुळत नसे, म्हणून जुने बोलपट 'डब' केलेले होते असं नाही

झाडीपट्टीतल्या (पूर्व विदर्भातल्या) गावांच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय : 'आलम आरा' या पहिल्या भारतीय बोलपटासकट सुरुवातीचे सगळे बोलपट मुके काढले, आवाज नंतर भरला, म्हणूनच मंडईच्या (गावजत्रेच्या) सिनेमा-तंबूत ओठ नि आवाज जुळत नसत. हे खरं नाही.

14 मार्च 1931 ला लागलेल्या 'आलम आरा'साठी टॅनर यंत्र वापरलं. ते चित्र आणि आवाज एकाच फिल्मवर, एकाच वेळी टिपायचं. जवळून रेल्वे जायची, म्हणून शूटिंग बरंचसं रात्री चाललं; आवाज नंतर भरायचा असता तर ही गरजच नव्हती. 'अयोध्येचा राजा' (1932) मराठीत आणि हिंदीत वेगवेगळा चित्रित झाला; म्हणजे एकाच चित्रावर दुसऱ्या भाषेचा आवाज भरला नाही.

तंबूतली गडबड प्रोजेक्टरची. 35 मिमी फिल्मवर आवाजाची पट्टी चित्राच्या सुमारे 20 फ्रेम पुढे असते. गेटमध्ये, म्हणजे चित्रावर प्रकाश पडतो त्या खिडकीत, फिल्म थांबत-थांबत सरकते, आवाज वाचला जातो त्या ड्रमवर मात्र एकसारखी, म्हणून मध्ये फिल्मचा सैल वळसा (लूप) ठेवावा लागतो. तो 3 फ्रेमनी मोठा राहिला, की सेकंदाला 24 फ्रेमच्या हिशेबानं आवाज 1/8 सेकंद उशिरा येतो. तुटलेली फिल्म चिकटवून घाईत चढवली की हे हमखास व्हायचं.

कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.