कापराच्या पोटलीनं ला पाझ चढता येत नाही

वणीकडच्या आमच्या गावातला एक पोरगा खाणीतल्या यंत्रांचा मेकॅनिक आहे. त्याला बोलिव्हियातल्या ला पाझ या खूप उंचावरच्या शहरात दोन वर्षांचं काम मिळालं आणि गावातल्या प्रत्येक ग्रुपवर एक मेसेज फिरू लागला. त्यातलं म्हणणं असं : कापूर-लवंग-ओव्याची पोटली हुंगली की ऑक्सिजन वाढतो. महिनाभर चिखलदऱ्याला राहिलं की उंचीची सवय होते. धडधाकट तरुणाला काही होत नाही. उंचीच्या त्रासावरच्या डायमॉक्स गोळीची सवय लागते, घेऊ नका. थंडीत डास नसतात, यलो फिव्हरची लस नको. आणि कुकर न्या.

मी आरोग्य केंद्रात वीस वर्षांपासून रक्त तपासतो. यातलं कुकरचं तेवढं पूर्ण खरं आहे. तिथं पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं, उघड्या गंजात तुरीची डाळ शिजता शिजत नाही.

पोटली आपल्याला नवी नाही, २०२१ मध्ये घरोघरी होती. पोरगा ती घेऊनच आला, "नेऊ का जी?" म्हणाला. ऑक्सिमीटर लावला, ९८. पाच मिनिटं हुंगायला लावली, पुन्हा ९८. तिथून पुढं वाढायला जागाच कुठं, असं कोणी म्हणेल, आणि ते बरोबर आहे. पण कोरोनात ८८ वाले पेशंटही पोटली हुंगताना पाहिलेत. आकडा त्यानं हलला नाही. कापरानं नाकात गार लागतं, म्हणून श्वास मोकळा झाल्यासारखं वाटतं, एवढंच. हवेत ऑक्सिजन वणीतही २१ टक्के अन् ला पाझलाही २१ टक्केच. पण सुमारे ३,६०० मीटरवर हवेचा दाबच समुद्रकाठच्या दोन-तृतीयांशाजवळ येतो, त्यामुळं प्रत्येक श्वासात माल कमी.

चिखलदरा सुमारे १,१०० मीटर. उंचीचा त्रास साधारण २,५०० च्या वर सुरू होतो. अख्ख्या महाराष्ट्रात सगळ्यात उंच कळसूबाई, ती १,६४६. आणि ला पाझचं विमान उतरतं ते एल आल्तोला, ४,०६१ मीटरवर. चिखलदऱ्याला कॉफी प्यायला खुशाल जा. सवयच करायची तर वाटेत कोचाबांबा शहर आहे, साडेपंचवीसशे मीटरच्या आसपास. तिथं दोन-तीन रात्री काढून वर जावं.

डायमॉक्सची सवय लागत नाही. ती श्वास वाढवते. बोटांना मुंग्या येतात, लघवी जास्त होते. सहसा चढण्याच्या आदल्या दिवशी सुरू करतात, पण डॉक्टरला विचारून, आणि सल्फाची ॲलर्जी असली तर ते आधी सांगून.

लसीचं अर्धं खरं. ला पाझच्या उंचीवर तो डास नाही. पण परत येताना आपल्या विमानतळावर शहर नाही, देश बघतात. बोलिव्हिया यलो फिव्हरच्या देशांच्या यादीत आहे. सर्टिफिकेट लस घेतल्यावर दहा दिवसांनी लागू होतं, ते नसलं तर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाईन होऊ शकतं.

राहिला "धडधाकट तरुण". उंची दंड बघत नाही. उलट पहिल्याच दिवशी सामान घेऊन पायऱ्या चढणारा पहिलवानच रात्री डोकं धरून ओकतो. बसल्या जागी दम लागला किंवा चालताना तोल गेला तर ऑक्सिजन लावायचा आणि तातडीनं खाली उतरवायचं, सकाळची वाट बघायची नाही.

पण माझा खरा राग मेसेजमध्ये जे नाही त्यावर आहे. आपल्या विदर्भात सिकलसेल आहे, आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार. एएस पॅटर्नवाला, म्हणजे आई किंवा बाप एकाकडूनच तो दोष आलेला माणूस शेतात राबतो, कबड्डी खेळतो, आयुष्यभर त्याला पत्ता लागत नाही. तोच एवढ्या उंचीवर गेला तर कमी ऑक्सिजननं रक्तपेशी विळ्यासारख्या वाकून पाणथरीत (प्लीहेत) अडकू शकतात; डाव्या बरगडीखाली जीवघेणी कळ येते. सगळ्यांनाच होतं असं नाही, म्हणून एएसवाल्यानं जाऊच नये असं मी म्हणणार नाही. पण आधी माहीत पाहिजे, आणि तिथल्या डॉक्टरला सांगता आलं पाहिजे. एसएसवाल्यानं, म्हणजे दोघांकडूनही दोष आल्यानं प्रत्यक्ष आजार असलेल्यानं, तर तज्ज्ञानं स्पष्ट हो म्हटल्याशिवाय तिकीटच काढू नये.

पोराला विचारलं, सिकलसेलची टेस्ट झाली आहे का? "शाळेत केली होती वाटते." कार्ड? माहीत नाही. त्याच्या आईनं पत्र्याच्या पेटीतून रेशनकार्ड, टीसी, सातबारा सगळं काढलं, हे कार्ड काही निघालं नाही. मग बोटातून थेंब घेऊन सोल्युबिलिटी, म्हणजे सिकलसेलची पहिली चाचणी केली. नळीमागं धरलेल्या कागदावरच्या काळ्या रेघा दिसेनात. पॉझिटिव्ह.

एएस की एसएस ते इलेक्ट्रोफोरेसिस या पुढच्या तपासणीवर कळेल. सॅम्पल जिल्ह्याला गेलंय. पोटली माझ्याच टेबलावर पडली आहे.