स्टेअरिंग घ्यायचंय, पण हात लावून बघायचं कुठं?

कॉम्प्युटरवर गाड्यांचे गेम खेळायला स्टेअरिंग घ्यायचं म्हणून ऑनलाइन बघत बसलोय. वर ठळक अक्षरात ‘फोर्स फीडबॅक गेमिंग व्हील’. फोटोत लाल-निळे दिवे. पार खाली जाऊन बारीक अक्षरं वाचली की ‘ड्युअल व्हायब्रेशन मोटर, २७० अंश’. अरे काय लावलंय काय हे? थरथरणं वेगळं आणि हाताला ओढ लागणं वेगळं, एवढं तरी कळतं का? थरथर तर खिशातला मोबाइल पण करतो!

विकणाऱ्याला माहीत नसेल तर माझ्याकडून फुकटात ऐका. फोर्स फीडबॅकच्या स्टेअरिंगमध्ये मोटर असते. गेममधल्या गाडीच्या पुढच्या टायरवर जो जोर येतोय, तो ती मोटर तुमच्या हातापर्यंत आणते. वळणावर जास्तच जोरात घुसलात आणि पुढचे टायर घसरायला लागले, की इतका वेळ जड असलेलं स्टेअरिंग एकदम हलकं पडतं. मागच्या टायरची पकड सुटली तर स्टेअरिंग आपणहून उलट्या दिशेला पळतं. गाडी सुटल्याचं डोळ्याला दिसायच्या आधी हाताला कळतं, सगळी मजा तिथंच आहे. आणि तुमच्या त्या डब्यात काय, तर एक स्प्रिंग नाहीतर रबर. सोडलं की मधोमध येतं. बर्फ असो, डांबर असो, चिखल असो, जोर तेवढाच.

परभणीच्या मामेभावाने असलंच एक मागवलं. गाडी भिंतीला धडकली की हे गुरगुरतं, बाकी वेळ गप्प. विक्रेत्याला विचारलं तर उत्तर आलं, ‘सर, व्हायब्रेशन इज फोर्स फीडबॅक ओन्ली’. परत घ्या म्हटलं तर म्हणे वस्तूत दोष नाही, त्यामुळं परत होणार नाही. बरोबरच आहे, दोष वस्तूत नाहीच, लिहिणाऱ्यात आहे. आता मामेभावाची पोरगी ते मांडीवर घेऊन ‘जिंतूर, जिंतूर, जिंतूर’ ओरडत बस चालवते. तेवढे तरी पैसे वसूल.

बरं, स्वस्तातलं नको, चांगलं घेऊ म्हटलं, तर तिथं आकड्यांचा बाजार. लॉजिटेकचं जी२९, आत गिअर, ताकद २ न्यूटन मीटरच्या (चाक पिळणारा जोर मोजायचं माप) आसपास. थ्रस्टमास्टरचं टी३००, आत पट्टा. मोझाचं आर५, डायरेक्ट ड्राइव्ह, म्हणजे मधे गिअर नाही, पट्टा नाही, चाक थेट मोटरच्या शाफ्टवर, ५.५ न्यूटन मीटर. फॅनाटेकचं सीएसएल डीडी ५ न्यूटन मीटर, आणि बूस्ट किट नावाचा मोठा पॉवर अडॅप्टर वेगळा विकत घेतला की तेच ८. मोटर तीच बरं का! ताकद आधीपासून आत बसलेली आहे, फक्त ती बाहेर काढायचे पैसे निराळे.

मी गणित पण करून बघितलं. २८ सेंटिमीटर व्यासाचं चाक धरलं तर ५.५ न्यूटन मीटर म्हणजे काठावर ४ किलोच्या आसपास ओढ, आणि २ म्हणजे दीड किलोच्या आत. जमलं गणित. कळलं काय? घंटा. दीड किलोत टायर सुटल्याचं कळतं की नाही? गिअरची खडखड हाताला किती टोचते? गेमने मोटरच्या ताकदीबाहेरचा जोर मागितला की क्लिपिंग होतं, म्हणजे मोटर आधीच शेवटाला गेलेली असते आणि खड्डा, कर्ब (ट्रॅकच्या कडेचा उंचवटा), वळण सगळं एकाच जाडीचं लागतं. जोर कमी करून ठेवला तर ते टळतं, पण मग उरलेल्यात काही जाणवतं का? हे आकड्यात कुठं लिहिलंय? हात लावल्याशिवाय कळणारच नाही.

आणि हात लावायचा कुठं? हाळीच्या बाजारात देवणी बैल घेणारा माणूस दात बघतो, खूर बघतो, चालवून बघतो, मग रुमालाखाली बोटं धरून भाव करतो. मी अख्ख्या महिन्याचा पगार घालायचा आणि फोटो बघायचा!

लातूरला गंजगोलाईपासून औसा रोडपर्यंत कॉम्प्युटरची दुकानं पालथी घातली. दिव्यांचे कीबोर्ड आहेत, दिव्यांचे माउस आहेत, आतून दिवे लागणारे कॅबिनेट आहेत.

‘भैया, फोर्स फीडबॅकचं स्टेअरिंग हाय का?’

‘हाय की. मागवून देतो. पैशे आधी.’

‘बघायला मिळंल का?’

‘फोटू दाखवतो ना.’

‘आन् नाही आवडलं तर?’

‘का नाही आवडत? आवडतंय की.’

संभाजीनगरला तरी असेल म्हटलं. जिथं वाळूजला १९८५ पासून बजाजच्या गाड्या बनतात, शेंद्र्याला स्कोडाचा कारखाना आहे, तिथं गेमचं एक स्टेअरिंग टेबलाला लावून ठेवलेलं सापडू नये? मॉलमध्ये नाणं टाकून खेळायची मोठी मशिनं आहेत, त्यांचं स्टेअरिंग दहा हजार पोरांनी पिळून सैल केलेलं. खऱ्या अर्थाने एकदाच हात लागला, तो पुण्यात रूमवर राहणाऱ्या मित्राच्या जी२९ ला. तेव्हापासून हे वेड डोक्यात बसलंय, आणि तेव्हापासूनच हा ताप.

त्यात नावांचा गोंधळ मुद्दाम घालतात की काय कोण जाणे. जी२९ प्लेस्टेशन आणि पीसीला चालतं. जी९२० एक्सबॉक्स आणि पीसीला. इथपर्यंत ठीक. मग २०२० साली जी९२३ काढलं, तर त्याचे दोन प्रकार, एक प्लेस्टेशनचा, एक एक्सबॉक्सचा, आणि नाव दोघांचं एकच! फोटो एकाचा, मजकूर दुसऱ्याचा, आणि खाली प्रश्न विचारला तर कुणीतरी भला माणूस उत्तर देतो, ‘मला माहीत नाही, मी गिफ्ट दिलंय’. माहीत नाही तर लिहितोस कशाला बाबा? गिअरचा दांडा पण बघा. जुन्या जी२७ च्या खोक्यात तो सोबत यायचा. २०१५ च्या जी२९ पासून तो वेगळा विकत घ्यायचा. याला प्रगती म्हणतात.

पण खरा संताप पेडलवर आहे, कारण त्यावर कुणी बोलतच नाही. जी२९ च्या ब्रेकखाली रबराचा ठोकळा आहे. अर्ध्यावर पेडल दगडासारखं लागतं, पुढं दाबायला पाय रोवावा लागतो. सगळे जाणकार सांगतात, लोड सेलचा ब्रेक घे, तो पेडल किती खाली गेलं ते न मोजता पाय किती जोरात दाबला ते मोजतो, खऱ्या गाडीसारखा. मान्य! पण खुर्ची कुठली आहे आमच्याकडं? चाकांची. ब्रेक मारला की गाडी थांबायची बाजूला, मीच मागच्या भिंतीपर्यंत जातो. उपाय म्हणून खुर्चीची चाकं जुन्या बुटांत घालायला सांगतात. हे ऐकून आईने पायताणं घरात आणायची नाहीत म्हणून ठणकावून सांगितलंय. टेबल प्लायवूडचं, वर सनमायका. त्याला ८ न्यूटन मीटरची मोटर आवळली तर वळणावर गाडी नाही, टेबल वळेल. मग त्यावर सल्ला काय? ‘रिग घे’. लोखंडी सांगाडा, त्यावर सीट, म्हणजे स्टेअरिंगच्या आधी स्टेअरिंग ठेवायला एक खोली बांधा.

हे सल्ला देणारे एसीत बसून बोलतात. माझी खोली वरच्या मजल्यावर, डोक्यावर पत्रा. मे महिन्यात बाहेर चाळिशी ओलांडलेली. पट्ट्याच्या स्टेअरिंगची मोटर तापली की जोर उतरतो, असं वापरणारेच सांगतात. जी२९ च्या पेडलमधल्या पोटेन्शिओमीटरला, म्हणजे पेडल किती दाबलं ते मोजणाऱ्या भागाला, धूळ लागली की पाय न लावता ॲक्सिलरेटर उड्या मारतो. आणि इथं वावटळ सुटली की धूळ फ्रीजमध्ये पण सापडते! लाइटचं तर बोलूच नका. अडॅप्टर भिंतीतल्या सॉकेटवर, लाइट गेली की ऐन वळणात स्टेअरिंग लुळं. परत आली की ते स्वतःला जुळवून घ्यायला एकटंच डावी-उजवीकडं गरागरा फिरतं. आजी घरात असताना हे झालं तर उतारा टाकायला लावेल.

एका तरी व्हिडिओत यातलं काही सांगतात का? नाही. ‘तुमच्या बजेटवर आणि आवडीवर अवलंबून आहे मित्रांनो’. अरे मित्रा, तेच तर ठरवायला तुझा व्हिडिओ बघतोय! वीस मिनिटं खोकं उघडण्यात घालवली, मोटरचा आवाज ऐकवला नाही, वर संगीत लावलं, आणि शेवटी ‘थोडं बजेट वाढवा’. थोडं वाढवत वाढवत गेलं की माणूस सेकंडहँड अल्टोपर्यंत पोचतो. अप्पा तर तेच म्हणतात, ‘लेकरा, एवढ्या पैशात खरी गाडी येती की रं’. त्यांना काय सांगू, खऱ्या गाडीत टायर सुटल्याचं शिकायला गेलो तर दवाखान्याचं बिल वेगळं.

दुकानदारांनो, फार काही मागत नाही. एक जी२९, एक डायरेक्ट ड्राइव्ह, जड टेबलाला आवळून ठेवा. दहा मिनिटांचे शंभर रुपये लावा, दोनशे लावा. शिकवणीला लातूरात आलेली हजारो पोरं रविवारी कुठं जावं म्हणून फिरत असतात, रांग लागेल. आणि त्या रांगेत पैसे हातात घेऊन पहिला मी उभा असेन.