दादा, डीपीएफला हात लावू नकोस

रविवारी रात्री साडेदहाला दादाचा मेसेज आला. आधी एक लांबलचक फॉरवर्ड, त्याखाली त्याची स्वतःची एक ओळ: ‘बघ रे. एक जण तीनशे पौंडांत करून देतो म्हणतोय. बुधवारी गाडी नेऊ का?’

दादा इंग्लंडात चौदा वर्षं राहतो. घरातल्या विजेच्या मीटरचा आकडा दर महिन्याला एक्सेलमध्ये भरणारा माणूस. पण सात लाल उद्गारचिन्हं असलेला मजकूर मराठी ग्रुपवर आला की त्याचं डोकं सुट्टीवर जातं. त्याची गाडी २०१२ची डिझेल इस्टेट, सेकंडहँड घेतलेली, आणि पुढच्या आठवड्यात तिची एमओटी. भारतातल्या वाचकांसाठी सांगतो: इथे गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी ही तपासणी करावी लागते. ब्रेक, टायर, दिवे, धूर, सगळं बघतात. एमओटी संपलेली गाडी, चाचणीला किंवा दुरुस्तीला नेण्यापुरती सोडली तर, रस्त्यावर काढता येत नाही.

फॉरवर्डचा सारांश असा. एमओटीचे नियम आता कडक झालेत, त्यामुळे दहा वर्षांवरची डिझेल गाडी नापासच होणार. उपाय म्हणजे डीपीएफ (एक्झॉस्टमधली धुराची गाळणी) आतून रिकामा करून घ्या, तपासणारा फक्त बाहेरचा डबा बघतो, वर ताकद आणि मायलेज वाढतं. नाहीतरी धूर दिसत नसेल तर प्रदूषण कसलं? आदल्या दिवशी टाकीत दोन लिटर पेट्रोल घाला. चाचणीत मुद्दाम इंजिन ताणून फोडतात. हा सगळा इलेक्ट्रिक गाड्या खपवण्याचा डाव, आणि लंडनमध्ये रोजचे साडेबारा पौंड म्हणजे त्याचीच सुरुवात.

‘आता कडक झालेत’ यातलं ‘कडक’ खरं, ‘आता’ खोटं. हे नियम २० मे २०१८ला लागू झाले. तेव्हापासून दादाच्याच गाडीने कितीतरी एमओटी पास केल्यात, त्याला पत्ता नाही इतकंच. आणि वयाची अट त्यात कुठेच नाही. उलट गाडी जितकी जुनी, तितकी मर्यादा सैल. धुरातून प्रकाश सोडून तो किती अडतो ते मोजतात; आकडा मोठा म्हणजे धूर दाट. १ जुलै २००८ नंतर रस्त्यावर आलेल्या गाडीला १.५, त्याआधीच्या टर्बोला ३, टर्बो नसलेल्या इंजिनाला २.५. अगदी अलीकडच्या, युरो ६ या उत्सर्जन-मानकाच्या गाड्यांना ०.७. निर्मात्याने गाडीवरच्या पट्टीवर स्वतःचा आकडा छापला असेल तर तो धरतात, आणि २०१८नंतर खरा कडकपणा आला तो इथे. म्हणजे २००५च्या खटाऱ्याला नव्या गाडीच्या दुपटीहून जास्त मोकळीक आहे. ‘दहा वर्षांवरची नापासच’ हे कुठून काढलं देव जाणे.

आता त्या डब्याकडे येऊ, कारण बुधवारी गाडी जाणार होती ती त्यासाठी.

डीपीएफ म्हणजे धुरातली काजळी पकडणारी गाळणी. आत मधमाशांच्या पोळ्यासारखा सिरॅमिकचा ठोकळा असतो आणि त्यात शेकडो बारीक नळ्या. एक नळी पुढून बुजवलेली, शेजारची मागून. त्यामुळे धुराला सरळ बाहेर पडता येत नाही, नळीच्या सच्छिद्र भिंतीतून पलीकडे जावं लागतं, आणि काजळी अलीकडे अडकते. धड असलेली गाळणी शंभरातले नव्याण्णवांहून जास्त कण अडवते. काजळी साचली की इंजिन जादा डिझेल सोडून गाळणी सहाशेएक अंशांपर्यंत तापवतं आणि ती जाळून टाकतं.

फॉरवर्ड लिहिणाऱ्याला एक गोष्ट मात्र बरोबर ठाऊक आहे, आणि ती मला नाइलाजाने कबूल करावी लागते. गाळणी काढलेली गाडी धुराच्या त्या आकड्यात पास होऊ शकते. डिझेलच्या धुरातले बहुतेक कण शंभर नॅनोमीटरहून लहान असतात आणि डोळ्याला दिसणारा प्रकाश चारशे नॅनोमीटरपासून पुढे सुरू होतो. एवढ्या बारीक कणांना प्रकाशाचं यंत्र जवळजवळ आंधळं असतं. म्हणून तर बेल्जियमने २०२२मध्ये आणि जर्मनी व नेदरलँड्सने २०२३मध्ये कण थेट मोजणारी यंत्रं तपासणीत आणली. ‘धूर दिसत नाही म्हणजे प्रदूषण नाही’ या वाक्याचं उत्तरही यातच आलं. न दिसणारे कणच फुप्फुसात सगळ्यात खोल जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२मध्ये डिझेलचा धूर पहिल्या गटात टाकला, म्हणजे माणसाला कर्करोग होतो याचा पुरेसा पुरावा असलेल्या गोष्टींत.

पण ब्रिटनमध्ये आकडा हा तपासणीचा एकच भाग आहे. एमओटीचं तपासणी-पुस्तक सरकारी संकेतस्थळावर फुकट वाचायला मिळतं, आणि ‘फक्त बाहेरचा डबा बघतो’ म्हणणाऱ्याने त्याचं आठवं प्रकरण एकदा उघडायला हवं होतं. त्यात लिहिलंय: गाडीला मुळात डीपीएफ असेल आणि आता नसेल, तर नापास. डीपीएफशी छेडछाड झाल्याचं दिसलं, तर नापास. डीपीएफ असलेल्या गाडीतून कोणत्याही रंगाचा धूर दिसला, तर आकडा काहीही येवो, नापास. आणि हे तर दादाच्या त्या ‘एका जणा’साठीच लिहिल्यासारखं आहे: डबा कापून पुन्हा वेल्डिंग केलेला दिसला तरी नापास, गाळणी साफ करण्यासारख्या रास्त कारणासाठी तो कापला होता याचा पुरावा गाडीवाल्याने दाखवला तरच सूट. तीनशे पौंडांत करून देणारा नेमकं हेच करतो. डबा कापतो, आतलं पोळं फोडून काढतो, वरून वेल्डिंगची रेघ मारतो. त्या रेघेचा पुरावा म्हणून दादा काय दाखवणार, व्हॉट्सॲप?

समजा तपासणारा डुलकी घेत होता आणि गाडी सुटली. तरी गाळणी काढलेली गाडी रस्त्यावर चालवणं हाच गुन्हा आहे, कारण ती ज्या उत्सर्जन-मानकावर मंजूर झाली ते आता पाळत नाही. मोटारीला हजार पौंडांपर्यंत दंड, व्हॅनला अडीच हजारांपर्यंत. एमओटी पास झाल्याने तो गुन्हा पुसला जात नाही. आणि असा बदल विमा कंपनीला कळवायचा असतो. कळवून बघ, दादा.

मायलेजचं म्हणाल तर तुंबलेल्या गाळणीने ते घटतं, हे खरं. पण नाक चोंदलं म्हणून कोणी नाक कापत नाही. गाळणी तुंबते का, हे विचारायला हवं. दादाला फोनवर विचारलं, गाडी रोज किती चालते? घर ते स्टेशन, अडीच मैल. संध्याकाळी परत अडीच मैल. एवढ्यात इंजिन धड तापतही नाही, काजळी जळणार कशी? गाळणी तुंबल्याचा नारिंगी दिवा महिनाभर लागतोय हेही तेव्हाच कळलं. वहिनी मागून ओरडल्या, ‘मी तर कधीपासून सांगतेय!’

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी त्याच्याकडे गेलो. पांढरा टिश्यू बोटाला गुंडाळला आणि थंड एक्झॉस्टच्या नळीत आतून फिरवला. फिकट राखाडी डाग आला, बस. मग माझ्या २००६च्या गाडीच्या नळीत, जिला डीपीएफ कधी नव्हताच, तेच केलं. टिश्यू काजळाच्या डबीत बुडवल्यासारखा झाला आणि बोटही. दादा दोन्ही टिश्यू धरून बराच वेळ उभा होता. तीनशे पौंड देऊन त्याला पहिल्या टिश्यूचा दुसरा करून घ्यायचा होता.

आता बाकीचे मुद्दे पटापट.

टाकीत पेट्रोल: अजिबात नको. हजार बारच्याही वर दाब तयार करणाऱ्या पंपाला डिझेलच वंगण देतं. पेट्रोल ते वंगण पातळ करतं, पंप आतून घासतो आणि त्याची बारीक धातूची कीस इंजेक्टरपर्यंत जाते. धूर कमी करायला निघालेला माणूस आख्खी इंधनप्रणाली बदलून घरी येईल.

इंजिन मुद्दाम फोडतात: मुद्दाम कोणी फोडत नाही, पण भीती अगदीच पोकळ नाही. गाडी उभी ठेवून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबतात आणि इंजिन कमाल वेगापर्यंत नेतात. टायमिंग बेल्ट बदलायची तारीख उलटून गेली असेल तर तो तुटायला एवढं पुरतं. म्हणून आधी तेल बघतात, इंजिन तापलंय का बघतात, विचित्र आवाज येत असेल तर चाचणी करायला नकार देऊ शकतात. पहिल्याच वेळी आकडा मर्यादेत आला तर तिथेच थांबतात. बेल्ट वेळेवर बदलणं हे तुमचं काम.

साडेबारा पौंड: ती यूलेझ, लंडनच्या महापौरांची योजना. २९ ऑगस्ट २०२३पासून ती लंडनच्या सगळ्या बरोंना, म्हणजे शहराच्या सगळ्या विभागांना, लागू झाली आणि डिझेल गाडी साधारणपणे युरो ६ नसेल तर रोज तेवढे भरावे लागतात. एमओटीशी तिचा काडीचाही संबंध नाही. एमओटी छान पास झालेल्या गाडीलाही ते भरावे लागतात. दादा लंडनला ट्रेनने जातो.

राहिला इलेक्ट्रिकचा डाव. याचं कसलंच प्रमाण फॉरवर्डमध्ये नाही. पण लोकांचा राग मला कळतो. २००१मध्ये ब्रिटनने गाड्यांचा कर कार्बन डायऑक्साइडवर बसवला, डिझेल स्वस्त पडलं आणि लोकांनी ते सरकारच्याच इशाऱ्यावर घेतलं. मग २०१५मध्ये फोक्सवॅगनची चोरी उघडी पडली. जगभरात १ कोटी १० लाख गाड्यांत चाचणी ओळखून नायट्रोजन ऑक्साइड तेवढ्यापुरते कमी दाखवणारं सॉफ्टवेअर होतं. आणि गंमत म्हणजे एमओटीत डिझेल गाडीचे नायट्रोजन ऑक्साइड मोजतच नाहीत. कंपनीने केलेली लबाडी या चाचणीत सापडणार नाही, दादाचं वेल्डिंग सापडेल. हा अन्याय वाटत असेल तर वाटू दे, मलाही वाटतो. म्हणून आपण फिल्टर फोडायचा?

मंगळवारी रात्री नऊनंतर आम्ही गाडी मोटरवेवर काढली. चौथ्या गिअरमध्ये, ताशी साठ मैलांनी, पस्तीस मिनिटं. दादा सारखा डॅशबोर्डकडे बघत होता. परत येताना सर्व्हिस स्टेशनच्या वळणावर दिवा विझला.

गुरुवारी दुपारी त्याने एमओटीच्या धूर-चाचणीच्या चिठ्ठीचा फोटो पाठवला: ०.०३. दोन मिनिटांनी खाली आणखी एक मेसेज: ‘पण मायलेज वाढतं म्हणे रे काढल्यावर?’