पाटाकडेचं पाचट आणि लिव्हरमधली गाठ

पंधरा दिवसांत एकच फॉरवर्ड मला चार ग्रुपवरून आला. भावकीचा, तालमीचा, गल्लीचा, आणि चौथा चक्क आम्हा सीटी स्कॅनवाल्यांचा. मजकूर असा: लिव्हरच्या छोट्या कॅन्सरला ऑपरेशन नको, मायक्रोवेव्हची सुई घाला, दहा मिनिटांत गाठ खाक, संध्याकाळी घरी, परत येत नाही. रेडिओफ्रिक्वेन्सी, म्हणजे विजेने गाठ जाळायची जुनी पद्धत, सांगणारा डॉक्टर मागासलेला, ऑपरेशन सांगणारा लुटारू. खाली जोडलेले हात.

मी डॉक्टर नव्हे. पण कोल्हापुरात सीटीच्या मशीनवर बारा वर्षं काढलीत. सुई घालण्याआधीचे आणि नंतरचे स्कॅन बघून डोळे तयार झालेत, म्हणून लिहितो.

‘रेडिओफ्रिक्वेन्सी जुनी, म्हणून टाकाऊ.’ दोन्हींचं काम एकच: सुई गाठीत न्यायची आणि तिथल्या पेशी 60 अंशांच्या वर तापवून जागीच मारायच्या. रेडिओफ्रिक्वेन्सीत वीज शरीरातून फिरते, म्हणून मांडीला पॅड चिकटवतात. सुईभोवतीचा भाग करपला की प्रवाह अडतो. मायक्रोवेव्हला पॅड लागत नाही, ती पाण्याचे रेणू हलवून उष्णता करते. बऱ्याच मशीनची फ्रिक्वेन्सी 2.45 गिगाहर्ट्‌झ, म्हणजे पापड भाजायच्या ओव्हनचीच.

मायक्रोवेव्हचा खरा फायदा कुठे, ते शिरोळकडच्या माणसाला लगेच कळेल. ऊस तुटल्यावर फडात पाचट पेटवतात, तेव्हा सगळं भडाभडा जळतं, पण पाटाकडेचं ओलं पाचट तसंच राहतं. लिव्हरमध्ये पाटाच्या जागी रक्तवाहिनी. तीनेक मिलिमीटरपेक्षा जाड वाहिनी गाठीला खेटून असली, तर वाहतं रक्त उष्णता घेऊन जातं आणि त्या कडेच्या पेशी जगू शकतात. मायक्रोवेव्ह जास्त आणि लवकर तापवते, म्हणून तिथे तिला हा त्रास कमी. पण कमी म्हणजे शून्य नव्हे. 4 सेंटीमीटरपर्यंतच्या गाठींवर दोन्हींची थेट तुलना 2018 मध्ये प्रसिद्ध झाली. दोन वर्षांत त्याच जागी गाठ पुन्हा वाढल्याचं प्रमाण मायक्रोवेव्हनंतर 6 टक्के, रेडिओफ्रिक्वेन्सीनंतर 12 टक्के. ऐकायला दुप्पट वाटतं, पण रुग्ण इतके थोडे होते की हा फरक योगायोगाचाही असू शकतो. यावरून कुणाला मागासलेला ठरवणं म्हणजे अतीच झालं. हात बसलेल्या डॉक्टरची रेडिओफ्रिक्वेन्सी मी नवशिक्याच्या मायक्रोवेव्हपेक्षा कधीही पत्करीन.

‘ऑपरेशन सांगणारा लुटारू.’ जपानमध्ये तीनशेवर रुग्णांत चिठ्ठी टाकल्यासारखी निवड करून ऑपरेशन आणि रेडिओफ्रिक्वेन्सी ताडून पाहिली. गाठी तीनपर्यंत, प्रत्येक 3 सेंटीमीटरच्या आत. पाच वर्षांनी हयात साधारण 75 आणि 70 टक्के. ठोस फरक नाही. म्हणजे लहान गाठीत सुई ऑपरेशनच्या तोडीची, इथपर्यंत फॉरवर्ड बरोबर आहे. पण गाठ 3 सेंटीमीटरच्या पुढे गेली, की ती पूर्ण जळेल याचा भरवसा कमी होत जातो. लिव्हरच्या कडेला असलेली गाठ दुर्बिणीतून सहज कापता येते. उलट सिरॉसिस, म्हणजे लिव्हर घट्ट होऊन निकामी होत जाणं, फार असेल, कावीळ दाखवणारं बिलिरुबिन चढलेलं असेल, पोटात पाणी असेल, तर कापल्यावर उरलेलं लिव्हर पुरेल का, हाच पहिला प्रश्न. मग सुईच बरी, किंवा थेट लिव्हर बदलण्याचा विचार. त्यात कॅन्सर लिव्हरमध्येच सुरू झालाय की आतड्यातून आलाय, यावर सगळंच फिरतं. फॉरवर्डमध्ये याचा उल्लेखही नाही.

‘दहा मिनिटांत.’ जाळायला तेवढीच लागतात, हे खरं. त्याआधी भूल, रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेटची तपासणी, सुई नेमकी कुठून न्यायची याचा हिशेब. गाठीला आतडं खेटून असेल तर मध्ये पाणी सोडून ते बाजूला सारतात. रेडिओफ्रिक्वेन्सीत त्यासाठी सलाईन चालत नाही, मिठाच्या पाण्यातून वीज जाते. म्हणून साखरेचं, 5 टक्के डेक्स्ट्रोजचं पाणी. त्यानंतर बहुतेकांना रात्रभर तरी ठेवून घेतात, आणि दोनचार दिवस कणकण, दुखणं असतंच.

‘परत येत नाही.’ सगळ्यांत घातक वाक्य हेच. गाठ जळते, सिरॉसिस तिथेच राहतो, आणि त्यात दुसरीकडे नवी गाठ धरू शकते. सुई असो की ऑपरेशन, पाच वर्षांत निम्म्याहून जास्त लोकांना पुन्हा गाठ होते. म्हणून तर महिन्याने स्कॅन, आणि मग दर तीन-चार महिन्यांनी.

गेल्या महिन्यात गंगावेशीकडचे एक काका असेच महिन्याच्या स्कॅनला आले होते. गाठ 2 सेंटीमीटरची होती. स्क्रीनवर आता 4 सेंटीमीटरचा काळा गोल. मुलगा बघून पांढराफटक पडला. “ही तर वाढलीया की ओ!”

वाढली नव्हती. गाठीभोवती चारी बाजूंनी सेंटीमीटरभर चांगलं लिव्हरही मुद्दाम जाळतात. तो काळा गोल म्हणजे जळलेली जागा. बघायची असते ती त्याची कड: इंजेक्शनचा रंग सोडल्यावर कुठे चमकते का. त्यांची कुठेच चमकली नाही, रिपोर्टातही तेच आलं. काका खुर्चीवर बसून चहा प्यायले आणि म्हणाले, “मग आता पुन्हा यायचं न्हाई न्हवं?” फॉरवर्ड त्यांच्याही मोबाईलवर होता. मी तीन महिन्यांनंतरची तारीख पिशवीवर मोठ्या अक्षरात लिहून दिली.