‘डिप्रेशन नाही, आळस आहे’ म्हणणाऱ्या त्या फॉरवर्डला उत्तर

हा मेसेज सोसायटीच्या ग्रुपवरून फिरत भांडुपला ताईकडे पोहोचला आणि तिने मला विचारलं, “करून बघू का गं?” तिचा मुलगा अकरावीत आहे, डिप्रेशनचं निदान झालंय, औषधं चालू आहेत. मेसेज म्हणतो: हल्लीच्या पोरांना डिप्रेशन नाही, आळस आहे. मोबाईल काढून घ्या, पहाटे पाचला उठवा, 21 दिवसांत पोरगं सुतासारखं सरळ. आम्ही चाळीत दहा जण राहिलो, कुणाला डिप्रेशन आलं नाही. गोळ्यांची तर सवयच लागते.

आळशी मुलगा अभ्यास टाळतो, पण खालून मित्रांनी “चल, बॅटिंग तुझी” म्हटलं की अनवाणी पळतो. माझा भाचा ती हाक ऐकून कूस बदलतो. त्याने हौसेने नवी ग्रिप चढवलेली बॅट दारामागे उभी आहे. आवडत्या गोष्टींतलाच रस जाणं हे या आजाराचं मुख्य लक्षण आहे. या वयात उदासीपेक्षा चिडचिडच जास्त दिसू शकते, आणि तिला आपण उद्धटपणा म्हणून मोकळे होतो. दोन आठवडे असं चाललं तर डॉक्टरांना दाखवायला हवं. ‘मी कशाच्याच लायकीचा नाही’ हे अशा मुलाच्या मनात आधीच चालू असतं. त्याला पहाटे ओढून उठवलं आणि मित्रांशी उरलेला एकमेव धागा, तो मोबाईलही काढून घेतला, की त्यावर घरच्यांचाच शिक्का बसतो. असला उपाय सुचवणाऱ्यांचा मला भयंकर राग येतो.

चाळीतही डिप्रेशन होतंच. तेव्हा ‘नजर लागली’ म्हणायचे, एवढंच.

गोळ्यांचं म्हणाल तर अमेरिकेत 12 ते 17 वयाच्या 439 मुलांवर झालेला ‘टॅड्स’ अभ्यास 2004 मध्ये प्रसिद्ध झालाय. फ्लुओक्सेटिन ही डिप्रेशनवरची गोळी आणि सीबीटी पद्धतीचं, म्हणजे विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारं समुपदेशन, दोन्ही मिळालेल्यांत 12 आठवड्यांनी 71 टक्के मुलं सुधारली, औषध नसलेल्या गोळीवर 35 टक्के. या गोळ्यांचं व्यसन लागत नाही. मात्र सुरुवातीला काही मुलांत आत्महत्येचे विचार वाढू शकतात, म्हणून लक्ष ठेवावं लागतं, आणि मनाने बंद करायच्या नाहीत.

एक मान्य करते: इच्छा होईपर्यंत थांबू नये, आधी थोडं हलावं, हे खरं आहे. उपचारातही तेच करतात. पण ते मुलाशी ठरवून, आंघोळ किंवा जिना उतरून येणं इतक्या लहान कामापासून. धाकाने नव्हे.

ताई, पुढच्या अपॉइंटमेंटला हा मेसेज डॉक्टरांनाच दाखव. मधे काही वाटलं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 कधीही लागतो, फुकट आहे, मराठीतही बोलतात.