ड्रोन शोचा खर्च म्हणजे नुसतं भाडं नव्हे

नागपुरातल्या गणेश मंडळांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: लग्नातल्या ड्रोनचं भाडं गुणिले संख्या, झालं बजेट! हे चूक आहे.

शोचे, म्हणजे आकाशात दिव्यांनी चित्रं काढणारे ड्रोन वेगळे असतात. एकाच संगणकावरून सगळे उडतात आणि आपली जागा सेंटीमीटरपर्यंत अचूक धरतात. बॅटरी काही मिनिटंच टिकते. खरा पैसा अ‍ॅनिमेशन, तंत्रज्ञ, रंगीत तालीम, राखीव ड्रोन आणि विम्यात जातो.

परवानगीचं तर मेसेजमध्ये नावच नाही! सोनेगाव विमानतळ शहरालाच लागून आहे. २०२१च्या ड्रोन नियमांनुसार विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यातही २०० फुटांपेक्षा उंच उडवायला परवानगी लागते. म्हणून मंडळांनो, कोटेशनमध्ये परवानगी कोण काढणार आणि पावसामुळे शो रद्द झाला तर पैशाचं काय, हे लिहून घ्याच. वर्गणी लोकांची आहे.