पकडलेला वायू जातो कुठे?

कार्बन पकडण्यावरच्या लेखात म्हटलंय की रिफायनरीच्या चिमणीवर कार्बन पकडणारं यंत्र बसवलं की 'वातावरणातला कार्बन कमी होतो'. नाही होत. चिमणीतून नवा कार्बन डायऑक्साइड वायू बाहेर पडायचा तेवढा थांबतो, तोही सगळा नाही. हवेतला आधीचा काढून घेणं हे निराळं काम. हवेतून हा वायू ओढून घेणाऱ्या आइसलँडमधल्या 'मॅमथ' प्रकल्पाची क्षमता वर्षाला ३६,००० टन, आणि जग दरवर्षी सुमारे ३,७०० कोटी टन सोडतं. ही दोन्ही कामं एकाच पोत्यात भरली की धोरणाचा हिशेब चुकणारच.

मी बडोद्याचा, उभी नोकरी अमाईन प्लँटवर काढली, म्हणजे अमाईन या रसायनाच्या द्रावणात वायू शोषून घेणाऱ्या यंत्रणेवर. वायू शोषून घेणं सोपं असतं हो. तो सोडवायला द्रावण १२० अंशांच्या आसपास तापवावं लागतं, त्याला वाफ लागते, वाफेला इंधन. हा खर्च लेखात कुठेच नाही. आणि पुढे? आमच्या कोयली रिफायनरीतला वायू गंधारच्या तेलक्षेत्रात नेऊन जमिनीत सोडायचा, असा करार इंडियन ऑइल आणि ओएनजीसीने २०१९ मध्ये केला. कशासाठी, तर उरलेलं तेल वर ढकलायला! वायू खाली राहील, मान्य. पण वर आलेलं तेल जळणारच ना? ते कुणाच्या खात्यात मांडायचं? सिमेंट कारखान्यांत वायू पकडणं मात्र मला पटतं. तिथला निम्म्याहून जास्त वायू चुनखडीतूनच सुटतो, भट्टी सौरऊर्जेवर चालवली तरी. सरकारी पैसा आधी तिकडे जाऊ दे, रिफायनऱ्यांनी आपला खर्च आपण करावा.